उतरला म्हणजे पडला नव्हे

रविवारी संध्याकाळी आमच्या घरात टीव्हीचा रिमोट माझ्या हाती नसतो. साडेसहाच्या सुमाराला धाकट्याच्या गाड्यांच्या शर्यती सुरू होतात आणि मी लसणाचं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसते. खरं सांगायचं तर त्यातलं मला काही कळायचं नाही. भुंग्यांची रांग सुटल्यासारखा आवाज, आणि त्याच त्या वळणावरून पुन्हा पुन्हा जाणाऱ्या गाड्या. एवढं करून पोचायचं कुठे, तर निघालो तिथेच!

पण २०२४ च्या ऑगस्टमधला एक रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. शर्यत नेदरलँड्समध्ये होती, झँडफोर्टला.

"आई, तो बघ सार्जंट. आज पार मागून सुटणार. काल सरावात गाडी आपटली, पेटलीच ती."

"अरे बापरे! लागलं नाही ना त्याला?"

"नाही. पण आता काढून टाकतील त्याला. सगळे तेच म्हणतायत."

"केवढा आहे रे तो?"

"तेवीस."

त्या दिवशी तो सोळावा आला. आणि मंगळवारी त्याला खरंच काढलं.

माझा हात लसणावरच थांबला, त्याला कारण होतं. त्याच महिन्यात आमच्याही घरात एक मुलगा परत आला होता. हाच, धाकटा. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षं मोठ्या शहरात क्लासला होता. परीक्षा दोनदा दिली, दोनदा मार्क कमी पडले. तिसऱ्या बॅचला नाव घातलं, फी भरली, आणि पंधराव्या दिवशी तो बॅग घेऊन दारात उभा. म्हणाला, "मला आता नाही होणार." मी काय केलं असेल? त्याला जेवायला वाढलं, आणि शेजारणीला सांगितलं, कावीळ झालीय म्हणून आणलाय.

मैत्रिणींनो, हसू नका. दोन महिने लोक काविळीची औषधं आणून देत होते. कुणी मुळा, कुणी उसाचा रस. जाऊबाईंनी तर कुठल्याशा गावाहून झाडपाला आणला. आणि तो बिचारा निमूटपणे सगळं पीत होता. मला वाटत होतं, मी पोराची अब्रू झाकतेय.

त्या सार्जंटची गोष्ट मग मी धाकट्याकडूनच थोडी थोडी ऐकत गेले. तीच आज तुम्हाला सांगते.

लोगन सार्जंट हा अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा. जन्म ३१ डिसेंबर २००० चा. घर चांगलं पैसेवालं. तो आणि त्याचा थोरला भाऊ डाल्टन लहानपणीच कार्टिंग करायला लागले. कार्ट म्हणजे जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, उघडी, छोटी गाडी. पोरं चमकायला लागली तसं आईवडिलांनी बिऱ्हाड युरोपात हलवलं, कारण या खेळाची खरी शाळा तिथे. पोरांच्या शिक्षणासाठी तालुक्याला खोली करून राहणाऱ्या आया आपल्याकडे काय कमी आहेत? हा त्यातलाच प्रकार, फक्त समुद्र ओलांडून.

२०१५ मध्ये, चौदाव्या वर्षी, लोगन कार्टिंगच्या ज्युनियर गटात जगज्जेता झाला. याआधी अमेरिकन माणसाने कार्टिंगचं जगज्जेतेपद मिळवलं होतं ते १९७८ मध्ये. म्हणजे सदतीस वर्षांनी हे घडलं! त्या आईवडिलांना काय वाटलं असेल, सांगायला नको. पहिला नंबर आला की आपणही पेढे वाटतो आणि मनातल्या मनात त्याच्या नावापुढे 'डॉक्टर' लावून मोकळ्या होतो.

कार्टिंगनंतर खरी शिडी सुरू होते. सिंगल सीटर गाड्यांची, म्हणजे ज्यात एकाच माणसाची जागा असते त्या. फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू, आणि शेवटी वन. जसजसं वर जावं तसतशी पायरी अरुंद. वरच्या पायरीवर त्या वेळी साऱ्या जगात मिळून जागा किती, तर वीस. दहा संघ आणि प्रत्येकाच्या दोन गाड्या. आपल्या मेडिकल कॉलेजच्या एका वर्गात याहून जास्त मुलं बसतात.

लोगन ही शिडी सरळ चढला नाही. २०१९ ला फॉर्म्युला थ्रीमध्ये तो एकोणिसावा आला. पुढच्याच वर्षी चांगल्या संघात गेला आणि थेट पहिल्या नंबरासाठी झुंजला. शेवटची शर्यत इटलीत मुजेल्लोला. त्याचे आणि त्याच्याच संघातल्या ऑस्कर पियास्त्रीचे गुण अगदी सारखे. आणि पहिल्याच फेरीत दुसऱ्या एका गाडीशी टक्कर होऊन लोगन बाद! पियास्त्री १६४ गुणांनी विजेता, लोगन १६० वर तिसरा. चार गुण हो! चार मार्कांनी सीट गेली म्हणून कोपऱ्यात बसलेलं पोर ज्या आईने बघितलंय तिला हे वेगळं सांगायला नको. तोच पियास्त्री पुढे मॅक्लॅरेनकडून फॉर्म्युला वनच्या शर्यती जिंकला.

बरं, त्यानंतर वरच्या वर्गात जायचं तर पैसे कमी पडले. होय, पैसेवाल्या घरालाही! या खेळात एका वर्षाचा खर्चच तेवढा असतो. म्हणून २०२१ मध्ये लोगन खालच्याच वर्गात, एका लहान संघातून पुन्हा बसला. 'रिपीट' केलं म्हणा ना. पण त्या लहान संघाला त्याने रशियातल्या सोचीला शर्यत जिंकून दिली. तेवढ्यावर विल्यम्स या जुन्या, नावाजलेल्या संघाने त्याला हेरलं. २०२२ ला तो फॉर्म्युला टूमध्ये गेला, इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला जिंकला आणि वर्षाअखेर चौथा आला.

इथे आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाचं नाव घ्यायला हवं. दोघे या शिडीवर आगेमागेच होते. २०१९ ला फॉर्म्युला थ्रीमध्ये जेहान तिसरा होता, तेव्हा लोगन एकोणिसावा. २०२२ ला फॉर्म्युला टूमध्ये लोगन चौथा, तर जेहान सातवा. जेहानला फॉर्म्युला वनची जागा मिळालीच नाही. तो पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतींत उतरला. एका वर्षाचा नंबर म्हणजे पोराची जन्मपत्रिका नव्हे, हे या दोघांकडे बघून मला कळलं. फार उशिरा कळलं, पण कळलं.

२०२३ मध्ये लोगन फॉर्म्युला वनमध्ये पोचला. २००७ नंतर पहिल्यांदाच एका अमेरिकन चालकाला तिथे पूर्ण वर्षाची जागा मिळाली होती. आता तरी सुखाचे दिवस यावेत की नाही? तर तिथून खरी परीक्षा सुरू झाली.

या खेळाची एक रीत फार क्रूर आहे. बाकीच्या संघांच्या गाड्या वेगळ्या, त्यामुळे तुलना पुरती होत नाही. पण तुझ्याच संघातल्या दुसऱ्या मुलाकडे अगदी तुझ्यासारखीच गाडी असते. म्हणून तुझा पहिला शत्रू तोच. लोगनच्या शेजारच्या गाडीत होता अॅलेक्स अॅल्बन. त्या वर्षी विल्यम्सला २८ गुण मिळाले, त्यातले २७ अॅल्बनचे. लोगनचा एक. मुख्य शर्यतीत कुठून सुटायचं ते ठरवणाऱ्या पात्रता फेरीत तर लोगन वर्षभरात एकदाही अॅल्बनच्या पुढे गेला नाही. 'जरा त्या शेजारच्याकडे बघ' हे वाक्य आपण घरात दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्या मुलाने ते साऱ्या जगासमोर, दर पंधरवड्याला, आकड्यांत ऐकलं.

तो एक गुणही कसा मिळाला बघा. शर्यत अमेरिकेत, ऑस्टिनला. लोगन बारावा आला. मागाहून तपासणीत पुढचे दोघे बाद ठरले आणि हा दहावा झाला. १९९३ नंतर अमेरिकन माणसाला मिळालेला तो पहिला गुण. पण लोक म्हणाले, तोही नशिबाने.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये मेलबर्नला जे झालं ते ऐकून तर मला भरून आलं. शुक्रवारी सरावात अॅल्बनने गाडी आपटली. ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती आणि संघाकडे जादा सांगाडा नव्हता. मग संघाने काय केलं? लोगनची गाडी काढून अॅल्बनला दिली! लोगनची काही चूक नसताना तो कडेला उभा राहिला. थोरल्याने सायकल मोडली म्हणून धाकट्याची त्याला द्यायची आणि वर धाकट्याला समजूतदारपणा शिकवायचा, असा हा न्याय. संघाचा हिशेब मला कळतो. गुण आणायची आशा अॅल्बनकडूनच जास्त होती. शेवटी तो अकरावा आला आणि गुण मिळाला नाहीच. पण 'तुझ्यावर आमचा भरवसा नाही' हे त्या पोराला न बोलता सांगून झालं होतं.

त्यानंतर पाच महिन्यांनी झँडफोर्ट. संघाने गाडीला नवे, महागाचे भाग लावले होते. ओल्या रस्त्यावर चाक गवतात गेलं आणि गाडी आपटून पेटली. तिसऱ्या दिवशी लोगनच्या जागी फ्रँको कोलापिंटो हा अर्जेंटिनाचा मुलगा आला. आणि त्याने दुसऱ्याच शर्यतीत आठवा नंबर काढला. एकूण छत्तीस शर्यती आणि एक गुण, असा लोगनच्या नावापुढे हिशेब लिहिला गेला.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

काही महिन्यांत बातमी आली की लोगन स्पोर्ट्स कारकडे वळतोय. युरोपातल्या दूर पल्ल्याच्या शर्यतींच्या मालिकेत २०२५ ला त्याला जागा मिळाली होती. ह्युंदाईच्या जेनेसिसने पाठबळ दिलेली गाडी. सगळं ठरलं, नाव जाहीर झालं. आणि फेब्रुवारीत, मोसम सुरू होण्याआधीच, तो बाजूला झाला. काही काळ शर्यतीच नकोत म्हणाला.

मी धाकट्याला विचारलं, "अरे, मिळालेली जागा कुणी सोडतं का?" तो टीव्हीकडे बघतच म्हणाला, "दमला असेल, आई. कावीळ नसेल झाली त्याला."

मी उठून आत गेले. त्याने मला फोनवर बोलताना सगळं ऐकलं होतं. एकदा नव्हे, दोन महिने. मी त्याची अब्रू झाकत नव्हते हो, माझीच झाकत होते. आणि त्याच्यापर्यंत पोचलं होतं ते एवढंच, की त्याचं थांबणं आईला काविळीपेक्षाही वाईट वाटतंय.

लोगन २०२५ संपायच्या आत परत आला. आपल्या अमेरिकेत, स्पोर्ट्स कारच्या दूर पल्ल्याच्या शर्यतीत. आता फोर्ड कंपनी २०२७ मध्ये ल माँच्या सगळ्यात वरच्या गटात उतरणार आहे. तिने त्या गाडीसाठी निवडलेल्या चालकांत लोगन सार्जंटचं नाव आहे.

ही ल माँची शर्यत फ्रान्समध्ये होते, १९२३ पासून. चोवीस तासांची. दिवस मावळतो, रात्र होते, पुन्हा उजाडतं, आणि गाड्या पळतच असतात. अर्थात एकट्याचं ते काम नाही. एका गाडीला तीन जण. एकाची पाळी संपली की गाडी थांबते, तो उतरतो, दुसरा बसतो, आणि उतरणारा त्याचे पट्टे बांधायला हात लावतो. उंचीत फरक असेल तर बुटक्याच्या पाठीशी भर घालतात. टायर आणि ब्रेक जपून चालवायचे, कारण पुढे दुसऱ्याला त्याच गाडीत बसायचंय. अमेरिकेतल्या एका गटात तर असा नियमच आहे की चालकांपैकी एक हौशी हवा, म्हणजे ज्याचं पोट या खेळावर चालत नाही असा. पटाईत माणसाने त्याला सांभाळून न्यायचं. फॉर्म्युला वनमध्ये सोबत्याला मागे टाकणं हे पहिलं काम. इथे सोबत्याच्या हाती गाडी धडधाकट देणं हे पहिलं काम. चालवणं तेच, माणसाकडून मागणं वेगळं.

आणि हा काही हरलेल्यांचा अड्डा नाही बरं का. फॉर्म्युला वनचा दोनदा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो २०१८ आणि २०१९ ला ल माँ जिंकलाय. पोलंडच्या रॉबर्ट कुबित्साचा उजवा हात २०११ च्या अपघातात जायबंदी झाला. तो २०२५ ला ल माँचा विजेता ठरला.

लोगनने सोडलेल्या त्या गाडीच्या चालकांत एक मुलगी होती, हेही सांगते. इंग्लंडची जेमी चॅडविक. बायकांसाठीची डब्ल्यू सिरीज तिने तीनदा जिंकलीय. आपल्याकडची एमआरएफ चॅलेंज ही मुलामुलींची एकत्र स्पर्धा जिंकणारी ती पहिली मुलगी. तिलाही फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. पण तिच्यासाठी कुणी 'अरेरे' म्हटलेलं मला फारसं दिसलं नाही. का बरं? मुलगी शिडीवर मधेच थांबली तर जग ते धरूनच चालतं. आपल्या घरात काय वेगळं आहे? मुलगा परीक्षा सोडून आला की कावीळ. मुलगी सोडून आली की 'बरं झालं, स्थळं बघायला मोकळ्या.' पहिल्याच्या थांबण्याची लाज वाटते, दुसरीच्या थांबण्याची दखलच नाही. दोन्ही सारखंच वाईट.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, अहो, तो श्रीमंताघरचा. त्याला थांबणं परवडतं. आमच्या पोराने वर्षभर घरी बसायचं तर हप्ते कोण भरणार? बरोबर आहे. हे मी नाकारत नाही. बुडालेली फी आमच्याही घरात अजून बोचते. थांबण्याला पैसे लागतात, आणि ते सगळ्यांकडे नसतात. पण घरात काय बोललं जातं याला पैसे लागत नाहीत. 'दमलास ना? बस जरा. मग बघू' एवढं म्हणायला काही भांडवल लागत नाही. तेवढंही मी दिलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे, थांबून पुन्हा सुरू करण्यात आपल्या बायकांइतकं तरबेज कोण आहे? बाळंतपणाला नोकरी सुटली, सासूबाईंच्या आजारपणात शिवणाचा क्लास बंद पडला, बदली झाली म्हणून बी.एड. अर्धं राहिलं. त्यातल्या कितीतरी जणी दहा वर्षांनी दुसऱ्याच वाटेने उभ्या राहिल्यात. कुणी पाळणाघर चालवतंय, कुणी बचत गटाचे हिशेब बघतंय. आपण त्यांना हरलेल्या म्हणतो का? मग वीस-तेवीस वर्षांच्या पोराला एक वळण चुकलं म्हणून आयुष्यातून बाद का ठरवतो?

सगळ्यांचं असं छान होतंच, असं मी म्हणणार नाही. लोगन उद्या ल माँला जिंकेल की पुन्हा गाडी आपटेल, कुणी सांगावं? माझं म्हणणं तेवढ्याशी अडलेलंही नाही. तो उतरला, श्वास घेतला, आणि त्याला चालवायचंय असं त्याचं त्याला वाटल्यावर परत बसला. हे त्याला करता आलं, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

त्या संध्याकाळनंतर मी शेजारणीकडे गेले आणि खरं सांगून टाकलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, माझ्या भावाच्या मुलाला गेल्या वर्षी टायफॉइड झाला होता ना, तोही असलाच." दोघी हसलो, मग दोघी रडलो.

धाकटा आता डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स करतोय. डॉक्टर होणार नाही. पण परवा सांगत होता, "एक आजोबा मशीनला घाबरतात, मी हात धरला की शांत बसतात." रात्रपाळी संपली की मशीन, नोंदी, सगळं पुढच्याला नीट समजावून देऊन मगच निघतो. रविवारी मात्र रिमोट अजून त्याच्याच हातात असतो. मी लसूण सोलते, आणि आता मला बरंचसं कळतं.